साभार परत आलेल्या गोधड्या

मी उंब्रजला राहते, गोधड्या शिवते आणि गेली काही वर्षं त्या प्रदर्शनांना पाठवते. जिथे पैसे भरले की जागा मिळते, त्या प्रदर्शनांबद्दल मी बोलत नाही. जिथे परीक्षक बसतात, आलेल्या कामांतून थोडी निवडतात आणि उरलेल्यांना नाही म्हणून कळवतात, ती ही प्रदर्शनं. मला पुष्कळदा नाही म्हणून कळवलं गेलं आहे. काही इथल्यांनी, काही साता समुद्रापलीकडच्यांनी. त्या नकारांशी राहता राहता जे उमगलं, ते मांडते आहे. तुम्ही सुई धरत नसाल, कविता पाठवत असाल नाहीतर नाटकाच्या स्पर्धेत उतरत असाल, तरी यातलं थोडंफार तुमच्या ओळखीचं निघेल.

१. नकाराचं पत्र फार सभ्य असतं आणि त्या सभ्यतेनंच जास्त लागतं. पूर्वी मासिकांकडून कथा-कविता 'साभार परत' यायच्या, तशातलाच हा प्रकार. आलेल्या प्रवेशिका दर्जेदार होत्या, जागा अपुरी होती, पुढच्या वर्षी जरूर पाठवा. कारण एका ओळीचंही नाही. सुरुवातीला मी ते पत्र पुन्हापुन्हा वाचायची, त्यात कुठेतरी माझ्यापुरतं एखादं वाक्य असेल म्हणून. नसतंच. ते सगळ्यांना एकच जातं. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मग बसून विचार केला की एवढं का लागतं? दुसरं काही मी शिवलेलं कुणी नाकारलं तर मला इतकं वाटत नाही. ब्लाऊज बसला नाही म्हणून गिऱ्हाईक परत आलं तर मी उसवते, पुन्हा शिवते, विसरते. गोधडीचं तसं होत नाही, कारण तिच्यात माणसं असतात. माझ्या त्या पहिल्या गोधडीत आजीचं लुगडं होतं, सासऱ्यांचं धोतर होतं, धाकट्याच्या शाळेच्या खाकी चड्डीचे तुकडे होते. पत्र आलं तेव्हा मला वाटलं, या सगळ्यांनाच कुणी दारातून माघारी लावलं. परीक्षकांनी अर्थातच त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासमोर एक रंगीत चौकोन होता. दुःख खरं होतं, पण त्याचा पत्ता चुकला होता. एवढं कळायला मला वेळ लागला.

२. परीक्षकांपुढे आधी गोधडी जात नाही, तिचा फोटो जातो. बहुतेक ठिकाणी निवडीची पहिली फेरी अशीच असते. एक फोटो सबंध गोधडीचा, चारही कडा दिसतील असा, आणि एक जवळून, टाके दिसतील असा. शिवणारीचं नाव झाकलेलं. परीक्षक शेकडो फोटो बघतात आणि एकेकाच्या वाट्याला काही सेकंद येतात. यात कुणाचा दुष्टपणा नाही, एवढी कामं दुसऱ्या कोणत्या रीतीने बघणार? पण गोधडीपाशी जे जे आहे त्यातलं फोटोत काय उतरतं, ते एकदा मोजून बघा. वजन उतरत नाही. मऊपणा उतरत नाही. धुवून धुवून लुगड्याला आलेला तो खास पोत उतरत नाही, आणि ऊब तर नाहीच नाही. उतरतो तो रंग आणि आकार. तेव्हापासून मी फोटोकडे वेगळं काम म्हणून बघायला लागले. सकाळच्या तिरप्या उन्हात गोधडी टांगली की प्रत्येक टाक्याची सावली पडते आणि धावदोऱ्याच्या ओळी शेतातल्या सऱ्यांसारख्या उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तीच गोधडी सपाट चादर वाटते. फोटो चांगला निघाला म्हणून गोधडी चांगली होत नाही, हे जितकं खरं, तितकंच वाईट फोटोमुळे ती वाईट होत नाही हेही खरं. पहिल्या फेरीतला नकार आला की मी आता आधी फोटो काढून बघते आणि मग गोधडी.

३. अर्जातले रकाने आपल्यासाठी आखलेले नसतात, हे समजून घेतल्यावर माझा निम्मा राग गेला. परदेशातल्या एका अर्जात विचारलं होतं, आत बॅटिंग कोणती? सुती, लोकरी की पॉलिएस्टर? आतला थर म्हणजे बॅटिंग. तो तिकडे दुकानातून विकत आणतात. माझ्या गोधडीच्या पोटात दोन धोतरं आणि एक विरलेलं नऊवारी होतं. पुढचा प्रश्न, नमुना स्वतःचा की पुस्तकातून घेतलेला? आता वाकळेचा नमुना कोण ठरवतं? आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात. तिचा नमुना घरात काय फाटलंय त्यावर ठरतो. हिरवा तुकडा लहान पडला की शेजारी लाल येतो. त्याखालचा प्रश्न, एकटीने शिवली, दोघींनी की गटाने? या प्रश्नापाशी मी सगळ्यात जास्त थांबले. मोठी वाकळ चौघी चार बाजूंनी बसून घालतात. दुपारच्याला एखादी उठून जाते, तिच्या जागी दुसरी येऊन बसते, चहा घेता घेता तिसरीच दोन ओळी ओढून जाते. कुणाची नावं लिहायची?

हे रकाने काही आपल्याला डिवचायला केलेले नाहीत. अमेरिकेत केंटकी राज्यात पदुका नावाचं गाव आहे. तिथे १९८५ साली क्विल्टचं, म्हणजे तिकडच्या गोधडीचं, मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि १९९१ साली क्विल्टचं संग्रहालयच उभं राहिलं. ह्यूस्टनचा महोत्सव त्याच्याही आधीचा, १९७०च्या दशकातला. तिकडच्या शिवणाऱ्या बायकांनी घरातलं काम भिंतीवर नेलं, त्याला बक्षिसं लावली, नियम लिहिले, परीक्षक घडवले. आपल्या कामासाठी आपले रकाने त्यांनी स्वतः आखून घेतले. मला त्यांचा हेवा वाटतो तो याच गोष्टीचा. आपण आपले आखले नाहीत.

४. काही नकार अगदी बरोबर असतात, आणि तेच सगळ्यात उपयोगाचे. एका प्रदर्शनाने नकारासोबत शेऱ्यांचा कागद पाठवला होता. तो मी अजून शिलाईच्या डब्यात ठेवला आहे. कडा लहरतात. कोपरे काटकोनात नाहीत. मधे फुगवटा आहे. टाक्यांचा ताण एकसारखा नाही. वाचून पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी गोधडीपाशी बसले आणि एकेक शेरा हाताने तपासला.

कडा का लहरतात? कारण एका पट्टीत जुनं सुती होतं आणि शेजारी टेरिकॉट. सुती कापड धुतलं की आटतं, टेरिकॉट आटत नाही. दोघांना एका दोऱ्यात बांधलं की पहिल्या धुण्यातच ओढाताण सुरू. आमच्या आज्यांना ही अडचण नव्हती, कारण त्यांच्या घरात सगळं सुतीच. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला आणि पुढे या भागातल्या घराघरांत तिथली लुगडी-धोतरं आली. त्या कापडाच्या वाकळा धुतल्या की सगळ्या अंगाने सारख्या आटायच्या आणि आणखी मऊ व्हायच्या. नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या तसं वाकळेचं पोटच बदललं. सुई निसटते, टाका बसत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. ही गोष्ट मला कळत होती पण शब्दांत धरता येत नव्हती. त्या शेऱ्याने ती धरून दिली. आता मी सुती आणि बिनसुती कापडं आधीच वेगळी करते आणि सुती कापड शिवण्याआधी गरम पाण्यातून काढते.

फुगवट्याचं मात्र वेगळं निघालं. तिकडच्या पद्धतीत टाके मधून सुरू करतात आणि कडेकडे जातात, म्हणजे कापडातली सैल जागा बाहेर ढकलली जाते. आपली वाकळ कडेने सुरू होते. चौकटीच्या आत चौकट, त्या चौकटीच्या आत चौकट, अशा ओळी फिरत फिरत मधे येतात. पुढे टाका घालायचा आणि डाव्या तळव्याने कापड सारखं करत न्यायचं. सैलपणा मधे गोळा होतो आणि तिथे गोधडी किंचित उबदार, भरल्यासारखी राहते. नेमकं माणसाचं अंग जिथे येतं तिथे. परीक्षकांना तो दोष दिसला, आणि भिंतीवर टांगलं तर तो दोषच आहे. अंगावर घेतली तर नाही. त्या एका कागदातले चार शेरे असे वेगवेगळ्या जातींचे निघाले. त्यातले तीन मी मानले. चौथा वाचला, समजून घेतला आणि शिवायची पद्धत होती तीच ठेवली. नकारातलं कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवायला आधी आपलं काम आपल्याला नीट ठाऊक असावं लागतं.

५. परीक्षक आपल्याकडेही होते, फक्त त्यांना कुणी तसं म्हटलं नाही. तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथे आमचं गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला, त्यामुळे बाहेरची माणसं गावात येतात ती मारुतीच्या दर्शनाला. पण मला विचाराल तर गावातलं सगळ्यात मोठं कापडाचं प्रदर्शन नदीवर भरायचं, भाद्रपदाच्या शेवटी. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं ही आपल्या भागातली रीत. भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि सगळ्यात शेवटी वाकळा. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून बायका त्या नदीवर आणायच्या, पायांनी तुडवायच्या, धोपटायच्या. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, पिळायला दोघी लागतात. दोन टोकांना दोघी उभ्या राहून उलट्या दिशांना पीळ देतात. त्या पिळात कच्चा दोरा असेल तर तटातटा तुटतो आणि ते सगळ्या घाटाला ऐकू येतं.

मग त्या खडकांवर, काट्याकुट्यांवर वाळत पडायच्या आणि बायका हिंडत हिंडत एकमेकींच्या बघायच्या. त्यांची बघायची पद्धत मी लहानपणापासून पाहिली आहे. आधी उलटी बाजू. सुलटी सगळ्याच सजवतात, हात कसा आहे ते उलट्या बाजूला कळतं. मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कड धरून थर सरकतात का ते बघायचं. मग तळवा पसरून फिरवायचा, गाठ कुठे लागते का, कारण गाठ टोचली की लेकराला झोप नाही. शेवटी वास. नीट न वाळलेली वाकळ पुढल्या पावसात कुबट होते. एवढं झालं की निकाल लागायचा आणि तो तोंडावर सांगितला जायचा. माझ्या आईच्या एका वाकळेला एक म्हातारी म्हणाली होती, "दोरा लई ताणलायस बाये, ही वाकळ माणसाला गुंडाळून घ्यायची न्हाई, पुठ्ठ्यावानी हुबी ऱ्हाईल." कारणासकट नकार होता तो. आईने पुढच्या चैत्रात दोरा सैल सोडला.

आता नदीवर तेवढी गर्दी नसते. घराघरांत ब्लँकेटं आली, पाणी नळाला आलं. पण ज्या बायकांनी तसा निकाल दिला आणि घेतला, त्यातल्या काही अजून आहेत. मला बाहेरच्या परीक्षकांनी इतकी वर्षं काय विचारलं याचा हिशेब मी ठेवला, आणि या बायकांना मी उशिरा विचारायला लागले.

६. गुणाची कदर कधीतरी होतेच, असं मला आता म्हणवत नाही. शिवणाऱ्या बायकांना धीर द्यायला हमखास जीज बेंडची गोष्ट सांगतात. मलाही सांगितली गेली. अलाबामा नदीच्या वळणावरचं ते कृष्णवर्णीय शेतमजुरांचं गाव. तिथल्या बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून, विटलेल्या डेनिममधून पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. हे सगळं खरं आहे आणि त्या गोधड्यांचे फोटो पाहून मी रात्रभर जागी होते. तिरक्या कडा, मोडलेल्या ओळी, मधेच बदललेला रंग. आमच्या ट्रंकेतल्या वाकळांच्या सख्ख्या बहिणीच.

पण त्या गोष्टीचा मधला भाग सहसा कुणी सांगत नाही. त्याच परिसरात १९६६ साली नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. शहरातल्या मोठ्या दुकानांची कामं मिळाली आणि घरात पैसा आला. ती फार मोठी गोष्ट होती. पण दुकानाला प्रत्येक गोधडी दुसरीसारखी हवी होती, ठरलेल्या नमुन्याची, सरळ कडांची. पुढे सिअर्स या दुकानासाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम आलं. म्हणजे एकीकडे बाजाराने त्यांच्या हाताला वळण लावलं, आणि काही दशकांनी संग्रहालयांनी त्यांचं डोक्यावर घेतलं ते नेमकं वळण न लागलेलं काम. ज्या बायका या दोन तारखांच्या मधे गेल्या त्यांना कुठलीच भिंत दिसली नाही. त्यांनी शिवलं ते पोरांना थंडी वाजू नये म्हणून. त्यांचं काम निवडलं गेल्यामुळे थोर झालं, असं म्हणणं मला पटत नाही, आणि मग माझं न निवडल्यामुळे लहान झालं असंही म्हणता येत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांचं आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडच्या. त्या गोधडीला कवंद म्हणतात. तिच्या कोपऱ्यांना कापडाचे छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांचं नाव फुला. फुला नसतील तर कवंद उघडंबोडकं समजतात. २००४ साली तिथे या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यांचं काम अमेरिकेपर्यंत गेलं. पण कवंद पुरं झालं की नाही हे अजून फुलाच ठरवतात. मला हे फार आवडतं. बाहेर जावं, पण आपली कसोटी घरी ठेवून जाऊ नये.

७. नकार आला त्या आठवड्यात नवी मोठी गोधडी पसरू नये. हात रागावलेला असतो, दोरा ताणला जातो. मी त्या दिवसांत दुपटी शिवते. दुपट्याला कापड थोडं लागतं, ते लवकर होतं आणि कुणाच्या तरी बाळाखाली लगेच जातं.

८. घरच्यांचं सांत्वन कधीकधी नकारापेक्षा जड होतं. "तुला काय गरज आहे त्या लोकांची?" असं म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आपली इच्छाच चुकीची ठरवली. माझं काम अनोळखी, जाणत्या नजरेने बघावं ही इच्छा मला होती आणि आहे, आणि तिची मला लाज वाटत नाही. घरचे गोधडीला चांगली म्हणतात ते माझ्यावरच्या मायेने, आणि त्या मायेला पारख येत नाही. याउलट आमच्या गल्लीतल्या एक आजी. कुरिअरचा खोका दारात बघून त्यांनी विचारलं, "म्हागारी आली व्हय गं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, थंडीच्या आत आली." त्यांनी ना परीक्षकांना नावं ठेवली ना मला समजावलं. गोधडी घरी असली की कामाला येते, त्यांच्या मते विषय एवढाच होता. ती गोधडी त्या हिवाळ्यात वापरात आली आणि मला कुणाच्याही समजावण्याने आला नव्हता इतका आराम पडला.

९. निवड झाली तेव्हा मला जे वाटलं त्याची मी तयारी केली नव्हती. एकदा झाली. गोधडी टांगली गेली, तिच्यावर दिवा सोडला होता, खाली माझं नाव आणि शेजारी पाटी: हात लावू नये. क्विल्टच्या प्रदर्शनांत हा नियम सगळीकडे असतो आणि तो योग्यच आहे. हजार हात लागले तर कापड टिकायचं नाही. उलटी बाजू बघायची तर हातमोजे घातलेली स्वयंसेवक कड उचलून दाखवते. मी दिवसभर लांब उभी राहून लोकांकडे बघत होते. एक पन्नाशीच्या बाई आल्या, गोधडीपुढे थांबल्या, त्यांचा हात आपोआप वर गेला आणि पाटी बघून त्यांनी तो मागे घेतला. मला जाऊन सांगावंसं वाटलं, लावा हो हात, ती त्यासाठीच आहे. सांगता आलं नाही. भिंतीवर जाण्यासाठी मी इतकी धडपडले होते, आणि तिथे गेल्यावर माझी गोधडी तिचं काम करू शकत नव्हती. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण नकारांचा सगळा हिशेब त्या एका दिवसाने फिटेल अशी जी समजूत मी बाळगली होती, ती तिथेच गळून पडली. पुढच्या नकारांचं ओझं त्यामुळे पुष्कळ हलकं झालं.

१०. प्रदर्शनवाल्यांचा एक नियम मात्र मी मनापासून उचलला आहे. तिकडे गोधडीच्या मागे कोपऱ्यात कापडाची एक चिठ्ठी शिवलेली असावी लागते. कुणी शिवली, कुठे, कोणत्या साली. अर्ज पहिल्यांदा भरला तेव्हा ती चिठ्ठी शिवताना माझ्या ध्यानात आलं की आमच्या घरातल्या एकाही वाकळेवर कुणाचं नाव नाही. आजीच्या हातची कोणती आणि थोरल्या आत्यांच्या हातची कोणती, हे फक्त आईला सांगता यायचं. आई गेली आणि ती माहितीही गेली. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, पॅट्रिक फिन यांनी भारतभरच्या गोधड्यांवर केलं, म्हणून निदान काही वाकळांची नोंद राहिली. बिहारच्या सुजनीला आणि बंगालच्या नक्षी कांथ्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते मिळालं कारण कुणीतरी बसून नोंदी केल्या, नमुने गोळा केले, हे काम आमचं आहे असं लेखी सांगितलं. आपल्या वाकळा ट्रंकेतून निघतात, विरतात, पोतेरं होतात आणि त्यांच्याबरोबर शिवणारीही पुसली जाते. कुठल्याही परीक्षकाच्या नकारापेक्षा हा मला जास्त मोठा नकार वाटतो, आणि तो आपण स्वतः देत आलो आहोत.

म्हणून मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. सातारा-सांगलीकडे बचत गटांची, यात्रांतली, कृषी महोत्सवातली जी प्रदर्शनं भरतात, त्यांच्या आयोजकांनी वाकळेची स्पर्धा ठेवावी. तिथे परीक्षक म्हणून नदीवर वाकळा पारखलेल्या बायका बसवाव्यात, गोधडी हातात देऊन पारखू द्यावी, आणि जिची निवड होणार नाही तिला कारण मराठीत, तोंडावर सांगावं. चेन्नईत २०१९ साली देशपातळीवरचा क्विल्टचा महोत्सव भरला. आपल्याला तेवढं मोठं काही लागत नाही. शाळेची एक मोठी खोली, चार सतरंज्या आणि भरपूर उजेड असला की पुरे.

दुसरी गोष्ट तुमच्याकडे. घरात जुनी गोधडी असेल तर ती शिवणारी किंवा तिला ओळखणारी कुणी हयात आहे तोवर विचारून घ्या. तळव्याएवढा पांढरा सुती तुकडा घ्या, त्यावर न जाणाऱ्या शाईने लिहा किंवा दोऱ्याने भरा: शिवणारीचं नाव, मदतीला बसलेल्यांची नावं, गाव, साल, आणि आतलं कापड कुणाकुणाचं. मग तो तुकडा उलट्या बाजूला खालच्या कोपऱ्यात चारी कडांनी बारीक टाक्यांनी शिवून टाका. तासाभराचं काम आहे. या घटांच्या धुण्याआधी करा.